परदेशच्या दौऱ्यांत घराशीं संपर्क

आमच्या वाचकांपैकीं परदेशचा अभ्यासदौरा करून येणाऱ्या बागायतदारांची संख्या आतां बरीच वाढली आहे. परत आल्यावर ते तेथील पिकांविषयीं, यंत्रांविषयीं व बाजारपेठांविषयीं लिहितात, व तें योग्यच आहे. परंतु दहा-बारा दिवस घर व शेत मागें टाकून गेलेल्या शेतकऱ्याचा घराशीं संपर्क कसा राहिला, याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. वस्तुतः या एका गोष्टीच्या अभावीं दौऱ्याचा निम्मा आनंद आणि कधीं कधीं पदरचा पैसाही जातो. गेल्या जून महिन्यांत निफाड व दिंडोरी तालुक्यांतील आम्ही नऊ जण हॉलंड व स्पेन या देशांत गेलों होतों. त्या वेळीं जें पाहिलें व जें सोसलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्यांतील एका वडीलधाऱ्या बागायतदारांच्या चाळींत सुमारें २०० क्विंटल उन्हाळ कांदा भरलेला होता. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर उतरतांच त्यांनीं तेथील सिमकार्ड विकत घेतलें. त्यांच्या मोबाईलांत दुसऱ्या सिमची जागा होती, पण तींत मेमरी कार्ड बसविलेलें. दुकानांतील पोऱ्यानें भारतांतील सिम काढून कागदाच्या पुडींत घालून दिलें, तें बॅगेंत गेलें. नवें सिम चालूं झालें, इंटरनेट उत्तम चालूं लागलें. इतक्यांत व्हॉट्सॲपनें विचारिलें कीं, क्रमांक बदलावयाचा काय? यांनीं ‘होय’ म्हणून दाबलें. झालें! त्या क्षणापासून गांवचें व त्यांचें नातें तुटलें, आणि त्यांस त्याची वार्ताही नव्हती. मोबाईल हातांत, इंटरनेट चालूं, मग संपर्क आहेच, अशी त्यांची समजूत.

तिसऱ्या दिवशीं एक व्यापारी शिवारावर आला, त्यानें चाळ उघडून कांदा पाहिला व भाव बोलला. दुपारपर्यंत होय-नाहीं सांगा, म्हणाला. धाकट्या भावानें पंधरा वेळां फोन लाविला. वडील बंधूंस विचारल्यावांचून माल देण्याची त्या घरांत रीत नाहीं. दुपार टळली, व्यापारी शेजारच्या चाळीवर गेला. चौथ्या दिवशीं आमच्या मोबाईलवरून बोलणें झालें तेव्हां भाऊ एवढेंच म्हणाला, “दादा, तुमचा फोन बंद, व्हॉट्सॲपवर एकच खूण उमटते, मीं कोणाला विचारून माल द्यावा?” पुढील आठवड्यांत तोच कांदा क्विंटलमागें १५० रुपये कमी दरानें गेला. तीस हजार रुपयांचें हें सिमकार्ड, असें ते गृहस्थ अजूनही हंसून सांगतात. पण तें हंसणें वरवरचें आहे.

एवढ्यानें भागलें नाहीं. खतांच्या दुकानदारास पैसे पाठविण्याची वेळ आली, तेव्हां बँकेनें पाठविलेला सहा आंकड्यांचा गुप्त अंक, ज्यास ओटीपी म्हणतात, तो कागदाच्या पुडींतल्या सिमकडे गेला. ती पुडी हॉटेलांतील बॅगेंत, आणि आम्ही सर्व वेस्टलँडच्या काचगृहांत.

ही चूक कां होते हें समजण्यासाठीं रोमिंग म्हणजे काय हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. आपला मोबाईल परक्या देशांत चालूं केला म्हणजे तेथील मनोरा आपल्या सिमचें मूळ ठिकाण ओळखतो व आपल्या भारतांतील कंपनीस विचारितो कीं, हा पाहुणा तुमचाच काय, आणि याचे पैसे तुम्ही द्याल काय? तिकडून होकार आला तरच पाहुण्यास आंत घेतात. दोन देशांतील कंपन्यांनीं असा करार प्रथम १९९२ सालीं केला. फिनलंडमधील एक व इंग्लंडमधील एक अशा त्या कंपन्या होत्या. आज असे करार बहुतेक सर्व देशांत आहेत. परंतु तेथील कंपनी आपल्या कंपनीस आकार लाविते, व आपली कंपनी त्यावर आपला आकार चढवून तो आपल्याकडून वसूल करिते, म्हणून रोमिंग महाग पडतें. तेथील सिम स्वस्त पडतें, कारण त्यांत हा मधला हिशोब नसतो.

तेव्हां कोणतें वापरावें? दोन्हीही. द्राक्षबागायतदारांस हें समजाविणें सोपें आहे. आपण डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचें कलम करितों; फळ कलमाचें, पण मूळ खुंटाचें. भारतांतील आपला क्रमांक हा खुंट होय. बँक त्यावर, आधार त्यावर, सातबाराच्या संकेतस्थळावरील नोंद त्यावर, व्हॉट्सॲप त्यावर. त्यावर परदेशचें सिम खुशाल बांधावें, पण खुंट उपटूं नये. म्हणजे असें कीं, दोन सिमांच्या मोबाईलांत एका जागीं भारतांतील सिम ठेवावें व त्याचें डेटा रोमिंग बंद ठेवावें. दुसऱ्या जागीं तेथील सिम घालून इंटरनेट त्यावर घ्यावें. व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर, नव्या सिमच्या इंटरनेटवर, विनातक्रार चालतें. क्रमांक बदलूं काय, असें विचारल्यास ‘नाहीं’ म्हणावें.

यासाठीं निघण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या लागतात. भारतांतील सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा आपण मागून घेतल्यावांचून मिळत नाहीं. ती न घेतल्यास परदेशांत सिम मोबाईलांत असूनही मुकें राहतें. दुसरें, प्रीपेड सिमची मुदत दौऱ्याच्या मध्यें संपतां कामा नये. सेवा चालूं असल्यास बँकेचे लेखी संदेश येत राहतात, व ते घेण्यास बहुतेक कंपन्या आकार लावीत नाहींत. मात्र आलेला फोन उचलला कीं मिनिटांचा आकार पडतो, हें ध्यानांत असूं द्यावें. घरच्या मंडळींस व्हॉट्सॲपवरच बोलण्यास सांगून ठेवावें.

आमच्यांतील दुसऱ्या एका सभासदांची गोष्ट याच्या अगदीं उलट. त्यांनीं तेथील सिम घेतलेंच नाहीं. पूर्वीच्या एका सहलीसाठीं चालूं केलेलें रोमिंग त्यांच्या बिलाच्या सिमवर तसेंच होतें, आणि या वेळचा डेटा पॅक घेण्याचें राहून गेलें. काचगृहांतील टोमॅटोचे शेंकडों फोटो ते काढीत होते, व मोबाईल त्यांच्या नकळत प्रत्येक फोटो दूरच्या साठ्याकडे धाडीत होता. बिल घरीं आलें तेव्हां पाहण्याचे टोमॅटो खाण्याच्या टोमॅटोंपेक्षां महाग पडल्याचें त्यांस कळलें. फोटोंची ही आपोआप पाठवणी व ॲपांची आपोआप होणारी सुधारणा हीं दोन्ही बंद करून मगच विमानांत बसावें. आणि विमानांत फ्लाइट मोड लावावाच. कांहीं विमानांत व जहाजांत उपग्रहावरून चालणारा स्वतंत्र मनोरा असतो. मोबाईल त्यास आपण होऊन चिकटतो, व त्याचा दर जमिनीवरील दरांहून कितीतरी अधिक असतो.

ज्यांच्या मोबाईलांत दुसऱ्या सिमची जागा नाहीं, त्यांनीं ई-सिमचा विचार करावा. हें कार्ड नव्हे. मोबाईलच्या आंत कायम जडविलेल्या चिपवर कंपनीची नोंद इंटरनेटद्वारें उतरवून घेतात. नऊ जणांपैकीं आम्हीं व आणखी एकानें हीच रीत धरिली व आम्हांस ती फार सोयीची वाटली. आपल्या मोबाईलांत ती सोय आहे कीं नाहीं हें पाहण्यास *#06# हे आंकडे दाबावे. उमटणाऱ्या क्रमांकांत ईआयडी नांवाचा लांबलचक क्रमांक असल्यास सोय आहे. नोंद उतरविण्यास इंटरनेट लागतें, म्हणून हें काम घरींच उरकावें; परदेशच्या विमानतळावर इंटरनेट मिळविण्यासाठीं इंटरनेट शोधीत बसण्याचा प्रसंग येऊं नये. प्रवाशांसाठीं विकल्या जाणाऱ्या पुष्कळ ई-सिमांत केवळ डेटा असतो, फोनचा क्रमांक नसतो. तेवढ्यानें आपलें काम भागतें.

हॉलंडमध्यें घेतलेलें सिम स्पेनमध्यें चालेल काय, ही आमची एक मोठी शंका होती. युरोपीय संघानें १५ जून २०१७ पासून संघांतील एका देशाचें सिम दुसऱ्या देशांत वापरल्यास जादा आकार घेण्यास मनाई केली आहे, व २०२२ सालीं हा नियम आणखी दहा वर्षें वाढविला आहे. त्यामुळें अल्मेरिया येथें, जेथें तीस हजार हेक्टरांवर प्लॅस्टिकचीं शेडें समुद्रासारखीं पसरलेलीं आहेत, आमचें हॉलंडचें सिम निर्वेध चाललें. डेटाच्या प्रमाणास मात्र कंपन्या मर्यादा घालूं शकतात. स्वित्झर्लंड व इंग्लंड हे देश या नियमाच्या बाहेर आहेत. वाटेंत तेथें उतरणाऱ्यांनीं सावध असावें. जपान व ऑस्ट्रेलिया येथें जुन्या साध्या फोनांचे मनोरे आतां बंद झाले आहेत, म्हणून बटणांचा टूजी फोन तेथें नेणें व्यर्थ होय.

एक चमत्कारिक अनुभव सांगितला पाहिजे. वॅगेनिंगेन येथील मुक्कामांत आम्हांस जमिनीच्या नोंदीचा एक कागद पाहावयाचा होता. हॉटेलच्या वाय-फायवर तें सरकारी संकेतस्थळ कांहीं केल्या उघडेना. शेवटीं भारतांतील सिमचें डेटा रोमिंग दहा मिनिटें चालूं केलें, तर तें लागलीच उघडलें. कारण असें कीं, कांहीं संकेतस्थळें परदेशांतून येणाऱ्यास दारांतच अडवितात. आणि रोमिंगमधील इंटरनेट हें बहुधा आधीं आपल्या देशांतील कंपनीकडे जाऊन मग पुढें जातें, त्यामुळें आपण परदेशांत असूनही भारतांतलेच दिसतों. चीनमध्यें व्हॉट्सॲप व गूगल यांस बंदी असतांही भारतांतील सिमच्या रोमिंगवर तीं बहुधा चालतात, याचें कारण हेंच. म्हणून एखादा लहानसा डेटा रोमिंग पॅक अडीअडचणीसाठीं भारतांतील सिमवर घेऊन ठेवणें इष्ट.

आतां पंपाविषयीं. आमच्या विहिरीवरील मोटारीस मोबाईल स्टार्टर आहे. त्या खोक्यांत स्वतःचें सिम असतें, व नोंदलेल्या क्रमांकावरून फोन आला तरच तें खोकें हुकूम मानतें. त्या आठवड्यांत आमच्या फीडरला रात्रींची वीज होती. पाऊस लांबला होता, एप्रिल छाटणीनंतरच्या काड्या जोमांत होत्या, आणि ठिबक चालूं करणें अवश्य होतें. येथें रात्रीं १० वाजतां वीज येते, तेव्हां उन्हाळ्यांत हॉलंडमध्यें सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आम्हीं मोठ्या ऐटींत तेथून फोन लाविला. खोकें ढिम्म. दुसरा, तिसरा फोन; प्रत्येकाचा आकार पडला, मोटार मात्र हलली नाहीं. परदेशांतून केलेल्या फोनाचा क्रमांक पलीकडे नेहमीं शुद्ध उमटतोच असें नाहीं, व खोक्यानें आम्हांस ओळखलें नाहीं. तें यंत्राचें इमान म्हणावें लागेल! शेवटीं चिरंजीवांस व्हॉट्सॲपवर उठवून, कंदील नव्हे पण विजेरी घेऊन, विहिरीवर पाठविलें. वाटेंत नागीण आडवी गेल्याचें त्यानें दुसऱ्या दिवशीं आईस सांगितलें, आम्हांस नाहीं. त्या रात्रीं बाग भिजली. परंतु दौऱ्यापूर्वीं पांच मिनिटें खर्च करून त्याचा क्रमांक खोक्यांत नोंदविला असता, तर त्यास अंधारांत जावें लागलें नसतें.

किरकोळ सामानाविषयीं थोडें. युरोपांत विजेचा दाब आपल्याइतकाच, २३० व्होल्ट, आहे. परंतु तेथील सॉकेट भिंतींत खोल बसविलेलें गोल असतें, व आपला जाड बुडाचा चार्जर त्यांत शिरत नाहीं. एक जोडप्लग घ्यावा. इंग्लंडचा वेगळा, अमेरिकेचा वेगळा. अमेरिकेंत दाब १२० व्होल्टच असतो, पण चार्जरवर १००–२४० असा आंकडा छापलेला असल्यास चिंता नाहीं. पॉवर बँक हातांतील पिशवींतच न्यावी. सामानाच्या पेटींत ती घालूं देत नाहींत. विमानांत १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक विनापरवाना नेतां येते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची म्हणजे ३.७ व्होल्टांच्या हिशोबानें ७४ वॅट-तास होतात, तेव्हां ती चालते. २७,००० च्या वरची नको. वाटांचे नकाशे व भाषांतराच्या ॲपांतील त्या त्या देशाची भाषा घरच्या इंटरनेटवर आधींच उतरवून घ्यावी. विमानतळांवरील व खाणावळींतील फुकट वाय-फायवर वर्तमानपत्र वाचावें, नकाशा पाहावा. बँकेचा व्यवहार मात्र स्वतःच्या सिमवरच करावा, कारण त्याच नांवाचें खोटें वाय-फाय उभें करणें भामट्यांस अवघड नाहीं.

बोलण्याची वेळ ठरवून घेतल्यानें घरच्यांचा जीव टांगणीस लागत नाहीं. आम्ही तेथील सायंकाळीं ५ वाजतां, म्हणजे येथील रात्रीं साडेआठास, बोलत असूं. तोंपर्यंत मंडळी शेतांतून येऊन हातपाय धुवून बसलेली असत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तिकडील घड्याळें एक तास मागें नेतात, तेव्हांपासून साडेतीन तासांचें अंतर साडेचार होतें. कांदा, खत, मजूर यांविषयीं कोणत्या मर्यादेपर्यंत घरच्यांनीं आपल्या अधिकारांत निर्णय घ्यावा, हेंही निघण्यापूर्वींच बोलून घ्यावें. कांद्याचे धनी असलेल्या आमच्या त्या सहप्रवाशांनीं आतां धाकट्या बंधूंस भावाची खालची मर्यादा लिहूनच दिली आहे. ते पुढील वर्षीं पुन्हां निघणार आहेत, व मेमरी कार्ड काढून ठेवणार आहेत.

परत आल्यावर मुंबईच्या विमानतळावरच रोमिंग बंद करावें, अन्यथा पुढच्या सहलीस वर सांगितलेलें टोमॅटोचें प्रकरण घडतें. ई-सिमची नोंदही काढून टाकावी. पंपाच्या खोक्यांत आतां चिरंजीवांचा क्रमांक नोंदविलेला आहे. आम्ही घरीं असतांही रात्रींची मोटार हल्लीं तोच चालूं करितो.