पत्त्यात तुम्हाला काय दिसतं?

समजा, पुण्यातल्या बिबवेवाडीत मार्केट यार्डाच्या बाजूला राहणारी एक सून समुपदेशकाकडे आली आहे. एकत्र कुटुंब, भुसार मालाचा धंदा, लग्नानंतर सुटलेली नोकरी. ‘तसं सगळं ठीक आहे’ याच्या पुढे तिची गाडी सरकत नाही. समुपदेशक टेबलावर टॅरोटचे पत्ते उघडे मांडते. ‘यातला जवळचा वाटेल तो उचला.’

ती तलवारींची अठ्ठी उचलते. चित्रात डोळ्यांवर पट्टी बांधलेली, जखडलेली बाई आणि भोवती रोवलेल्या आठ तलवारी. ‘ही मीच.’ मग समुपदेशक विचारते, ‘तिचे पाय बघितलेत?’ पाय मोकळे आहेत. समोरची वाटही मोकळी आहे. पण म्हणून ‘मग चालायला लागा’ असं म्हणायचं नाही. ‘खाली चिखल आहे, जाऊ कुठे?’ असं ती म्हणाली, तर त्या चिखलाबद्दलच बोलायचं. माझ्या मते सगळं कसब इथेच आहे. अर्थ पत्त्यात नसतो, तो पाहणारीकडून यावा लागतो.

टॅरोट मुळात पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्याशी त्याची सांगड अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली. आजचा प्रसिद्ध ७८ पत्त्यांचा जोड १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधी बहुतेक जोडांत अठ्ठी म्हणजे नुसत्या आठ तलवारी असत. स्मिथबाईंनी तिथे माणसं आणि प्रसंग आणले, म्हणून आज ही चित्रं बोलण्याला उपयोगी पडतात.

चित्र दाखवून मन बोलतं करणं मानसशास्त्राला नवं नाही. रोर्शाकच्या शाईच्या डागांची चाचणी १९२१ची, तर चित्र पाहून गोष्ट सांगायची मरे आणि मॉर्गन यांची चाचणी १९३५ची. टॅरोट मात्र चाचणी नाही आणि मान्यताप्राप्त उपचारही नाही. उपचार करतो तो प्रशिक्षित माणूस. पत्ता फार तर बोलण्याला तोंड फोडतो.

‘अगदी माझंच वर्णन!’ या भावनेवर तर मुळीच विसंबू नये. १९४८ साली बर्ट्राम फोरर यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन, प्रत्येकाचं वेगळं म्हणून दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले!

म्हणून समुपदेशक ‘तीन महिन्यांत घटस्फोट दिसतोय’ म्हणाली, गोळ्या बंद करायला सांगू लागली किंवा ‘दोष’ काढायचे वेगळे पैसे मागू लागली, तर तिथून उठावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक स्वतःला तसं म्हणवत असेल, तर नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. ज्यांना भास होतात किंवा प्रत्येक गोष्टीत आपल्यासाठी संकेत दिसतात, त्यांच्यापुढे हे पत्ते मांडूच नयेत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. कुठे जावं हे कळत नसेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.