छंदाचा प्रोग्रॅम फुकट देताय? आधी लायसन्स लिहा



माझ्या मालवणच्या दुकानात एका मित्राने हौसेने बनवलेला बिलिंगचा प्रोग्रॅम चालायचा. सोर्स कोडसकट देताना तो एवढंच म्हणाला होता, “तुका व्हया तर वापर रे, पैशे नको.” 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. मला प्रोग्रॅम दुरुस्त करून माझ्या बॅचमधल्या चार दुकानदारांनाही द्यायचा होता. मित्र जहाजावर, फोन लागेना. कुडाळच्या एका प्रोग्रॅमरला विचारलं, तर तो म्हणाला, “तुमच्यापुरतं दुरुस्त करतो. पण दुसऱ्यांना कॉपी द्यायची परवानगी कुठे लिहिली आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लायसन्स नसलं तर काय होतं?

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. नोंदणी करा किंवा नका करू, लिहिला त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे काहीच लिहिलं नाही तर ‘सगळ्यांसाठी खुला’ असा अर्थ होत नाही, ‘सगळे हक्क राखीव’ असा होतो. फुकट मिळणं वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे वापरायची, समजून घ्यायची, बदलायची आणि वाटायची परवानगी.

कोणतं निवडायचं?

एकच प्रश्न स्वतःला विचारा: माझा कोड घेऊन कोणी बंद सॉफ्टवेअर बनवून विकलं, तर मला चालेल का?

1. चालेल: एमआयटी लायसन्स. जेमतेम तीन परिच्छेद. अट एकच, तुमचं नाव असलेली कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा.

2. चालणार नाही: जीपीएल. तिची तिसरी आवृत्ती 2007 ची. बदललेला प्रोग्रॅम जो दुसऱ्याला देईल, त्याने सोर्स कोडही त्याच अटींवर द्यायचा. विकायला बंदी नाही बरं का! आणि फक्त स्वतःच्या दुकानात वापरलात तर कोड कुणाला द्यायची सक्ती नाही.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचं उदाहरण बघा. त्यांचं फ्रापे फ्रेमवर्क एमआयटीखाली आहे, आणि त्यावर उभं असलेलं ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. म्हणजे एकाच घरात दोन निर्णय, पण दोन्ही स्पष्ट लिहिलेले.

फॉन्टसाठी वेगळं ओपन फॉन्ट लायसन्स असतं. मुंबईच्याच एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट त्याखाली आहेत. म्हणून कोकमाच्या पाकिटावर किंवा खाजाच्या लेबलवर ते बिनधास्त छापा. फक्त नुसता फॉन्ट विकायला बसू नका.

स्वतःच्या अटी बनवू नका

‘चांगल्या कामासाठीच वापरा’ असं लिहायचा मोह होतो. जेसन लायसन्समध्ये अगदी अशीच ओळ होती. चांगलं काम कोणतं हे ठरवणार कोण? म्हणून डेबियनने ते मुक्त मानलं नाही. ‘धंद्यासाठी नको’ लिहिलंत, तर शेजारचा होमस्टेवालाही अडकला.

करायचं काय?

- लायसन्सचा मूळ मजकूर जसाच्या तसा एका टेक्स्ट फाईलमध्ये प्रोग्रॅमसोबत ठेवा. एमआयटी असेल तर त्यात वर्ष आणि आपलं नाव भरा.
- दुसऱ्याचा कोड घेतला असेल तर त्याच्या अटी आधी वाचा. दोघांनी लिहिला असेल तर दोघांची संमती घ्या.
- नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. तो परस्पर वाटू नका.
- एकदा दिलेली परवानगी परत मागता येईल असं धरून चालू नका. पुढची आवृत्ती मात्र वेगळ्या अटींवर काढता येते.

आणखी एक फायदा सांगतो. एमआयटी आणि जीपीएल, दोन्हींत ‘कसलीही हमी नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हौसेने काम करणाऱ्याला हा मोठा आधार.

माझा मित्र सुट्टीवर आला आणि पाच मिनिटांत एमआयटीची फाईल टाकून दिली. पण तोपर्यंत चौघांपैकी दोघांनी पैसे भरून दुसरं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मित्राचं मन मोठं होतं, फक्त एक फाईल राहून गेली होती. तुमची राहू देऊ नका. आज दुकान बंद केलं की पहिलं काम तेच!