दाताचे मूळ धुताना

दाढेचा ठणका असह्य झाला की ती उपटून मोकळे व्हावे, हा विचार पेडणे काय किंवा डिचोली काय, आपल्याकडे चटकन सुचतो. परंतु कीड दातातील मज्जेपर्यंत पोहोचली तरी दात पुष्कळदा वाचविता येतो. या उपचारास आपण ‘रूट कॅनॉल’ म्हणतो. गोव्यात १९८० साली दंतमहाविद्यालय स्थापन झाले, आणि आज बांबोळी येथे हा उपचार होतो. त्यात मुळातील नळी ज्या द्रवांनी धुतात, त्यांच्याविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

नळी बारीक सुयांनी खरवडतात. पण तिला फाटे असतात आणि सुई सर्वत्र पोहोचत नाही. शिवाय दाताचा मुख्य भाग जो डेंटिन, त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असून जंतू तेथे दडून बसतात. म्हणून द्रव हवा. त्यांपैकी प्रमुख सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा सुमारे ०.५ टक्के द्राव जखमा धुण्यासाठी प्रचारात आणला. दंतवैद्य ०.५ पासून सुमारे ५ टक्क्यांपर्यंत तीव्रतेचा द्राव वापरतात. तो जंतू मारतो व मृत मज्जा विरघळवितो. खरवडताना भिंतीवर बसलेला खनिजाचा लेप मात्र त्याने निघत नाही. त्यासाठी ई. डी. टी. ए. हे कॅल्शियम ओढून घेणारे द्रव्य लागते. ते दंतवैद्यकात १९५७ साली आले.

आता यातील मेख पाहा. डेंटिनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के कोलॅजेनसारखे सेंद्रिय द्रव्य आणि उरलेले पाणी असते. कोंबडीचे हाड माडाच्या सुरेच्या शिरक्यात काही दिवस बुडवून ठेवा. खनिज निघून जाते आणि हाड वाकू लागते. तेच हाड चुलीत जाळा. कोलॅजेन जळते आणि हाड बोटांनी चुरते. म्हणजे एकाने कठीणपणा येतो, दुसऱ्याने चिवटपणा. ई. डी. टी. ए. फार वेळ राहिले तर डेंटिन मऊ पडते. हायपोक्लोराइट तीव्र असून फार वेळ राहिले तर कोलॅजेन झिजून डेंटिन ठिसूळ होते. जे औषध जंतूंना मारते, तेच दाताच्या भिंतीसही थोडे कुरतडते.

म्हणून प्रमाण, वेळ आणि क्रम यांस महत्त्व. १७ टक्के ई. डी. टी. ए. साधारणतः एक मिनिट पुरते. त्यानंतर हायपोक्लोराइट दीर्घकाळ ठेवल्यास उघडी पडलेली भिंत अधिक झिजते. हायपोक्लोराइट व क्लोरहेक्सिडीन एकमेकांत मिसळले तर तपकिरी साका बसतो. यास्तव मध्ये नळी धुऊन घेतात. द्रव मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज येते. धुताना एकाएकी कळ आली तर रुग्णाने हात वर करून तत्काळ सूचना द्यावी.

तथापि या भयाने दात उपटून घेऊ नये. दात दुबळा होतो तो मुख्यतः किडीने व कोरण्याने. द्रवांचा वाटा त्यात भर घालणारा. म्हणूनच अशा दाढेवर टोपी बसविण्यास वैद्य सांगतात. ठणका थांबला म्हणून पुढची खेप चुकविणारा, बांबोळीचा प्रवास वाचवितो खरा. पण तेवढ्यासाठी पुष्कळदा दाढ गमावतो.