फॉलआउट ७६ : उद्ध्वस्त जगाचा खेळ आणि त्याचे बरेवाईट

‘फॉलआउट ७६’ हा अणुयुद्धानंतरच्या जगात तगून राहण्याचा ऑनलाइन व्हिडिओ गेम अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने १४ नोव्हेंबर २०१८ रोजी बाजारात आणला. त्याची कथा २१०२ सालात घडते. २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अण्वस्त्रांनी जग बेचिराख झाले. निवडक माणसे ‘व्हॉल्ट ७६’ नावाच्या भुयारी निवाऱ्यात २५ वर्षे राहिली आणि आता त्या निवाऱ्याचे दार उघडले आहे. खेळाडू हा त्यातलाच एक रहिवासी. बाहेर पडायचे, उरलेसुरले गोळा करायचे, आसरा उभारायचा आणि जगायचे, एवढेच सुरुवातीला त्याच्यापुढे असते.

‘फॉलआउट’ ही मालिका १९९७ पासूनची. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’पर्यंतचे तिचे मुख्य खेळ एकट्याने खेळायचे होते. ‘७६’मध्ये पहिल्यांदाच एका जगात साधारण दोन डझन खऱ्याखुऱ्या माणसांना एकत्र सोडण्यात आले. या एका निर्णयातून खेळाचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष निघाले आहेत.

खेळण्याची रीत अशी. पात्राला भूक लागते, तहान लागते, घाणेरडे पाणी प्यायले की आजार होतो आणि किरणोत्सर्ग अंगात साचत जातो. पाणी मिळाले तरी ते उकळण्यासाठी लाकूड हवे. चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही, हे ज्यांनी २०१९ च्या महापुरात सांगलीत पाहिले, त्यांना ही अडचण कोणी समजावून सांगायला नको. वाटेतले डबे, पंखे, घड्याळे, टाइपरायटर हे सगळे भंगार उचलायचे, मोडून त्यातून स्क्रू, तांबे, गोंद काढायचा आणि त्यातूनच बंदूक दुरुस्त करायची. ताकद, नजर, चिवटपणा, संभाषण, बुद्धी, चपळाई आणि नशीब अशा सात गुणांत मिळालेले अंक वाटून प्रत्येकजण आपले पात्र घडवतो. कोणी कुलपे फोडण्यात तरबेज होतो, कोणी स्वयंपाकात, तर कोणी नुसता हातोडा चालवतो. भूमिका घेऊन खेळण्याची ही बाजू भक्कम आहे.

त्याहून भक्कम आहे ती जागा. कथा वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या राज्यात घडते आणि खेळाच्या कर्त्यांनी त्या राज्याचा अभ्यास मन लावून केलेला दिसतो. राजधानी चार्ल्सटन, हार्पर्स फेरी, न्यू रिव्हरच्या दरीवरचा पोलादी पूल अशी खरी ठिकाणे नकाशावर आहेत. ग्रीनब्रायर या खऱ्या आलिशान हॉटेलाखाली शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी संसदेसाठी गुप्त अणुनिवारा बांधला होता आणि तो १९९२ साली एका वर्तमानपत्राने उघड केला. खेळात हेच हॉटेल वेगळ्या नावाने आहे आणि त्याच्याखाली तसाच निवारा आहे. खाणींच्या भागात यंत्रांनी कामगारांना कसे हुसकले, संप कसे झाले, याच्या खुणा पडक्या घरांतून सापडतात. १९२१ साली ब्लेअर डोंगरावर याच राज्यातले खाणकामगार बंदुका घेऊन उभे राहिले होते, हे ठाऊक असलेल्याला त्या खुणा अधिक बोलक्या वाटतात.

लोककथाही तशाच उतरल्या आहेत. पॉइंट प्लेझंट या गावात १९६६ पासून ‘मॉथमॅन’ नावाच्या पंखवाल्या प्राण्याची वदंता होती. १५ डिसेंबर १९६७ रोजी तिथला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे गेली आणि लोकांनी त्या प्राण्याचा आणि दुर्घटनेचा संबंध जोडला. खेळात मॉथमॅनही आहे आणि त्याला भजणारा पंथही. योगायोग असा, की तो पूल कोसळण्याच्या चारच दिवस आधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सातारा जिल्ह्यात कोयनेचा भूकंप झाला होता. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का, हा वाद तेव्हापासूनचा. धरण आणि भूकंप, ब्रिटिश सरकारला झुगारून गावोगाव न्यायनिवाडा करणारे १९४० च्या दशकातले प्रतिसरकार, कृष्णेचा पूर : अशा खेळाला लागणारे साहित्य सातारा-सांगलीत मुबलक आहे. ते वापरणारा खेळ अजून पाहण्यात नाही.

आता दोष. सुरुवातीच्या आवृत्तीत एकही जिवंत मनुष्यपात्र नव्हते. जगात दिसणारा प्रत्येक माणूस खरा खेळाडूच असावा, असा कर्त्यांचा आग्रह होता. कल्पना धाडसी होती, पण तिचा परिणाम विपरीत झाला. प्रत्येक कामगिरीचा शेवट एका मढ्यापाशी आणि त्याच्या शेजारी पडलेल्या ध्वनिफितीपाशी होऊ लागला. ‘रिस्पॉन्डर्स’ नावाचा गट घ्या : अग्निशामक, पोलीस, डॉक्टर, परिचारिका यांनी युद्धानंतर उभी केलेली मदतसंघटना. तिची गोष्ट खेळातल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी एक आहे. मात्र खेळाडू पोहोचतो तेव्हा सगळे संपलेले असते. ज्याला वाचवायचे तोच आधी मेलेला असेल, तर वाचवण्याची ओढ टिकत नाही.

शिवाय खेळ कच्चाच बाजारात आला होता. सर्व्हरशी संपर्क तुटणे, शत्रू हवेत गोठणे, कामगिरी अर्धवट अडकणे हे रोजचे झाले. पहिल्याच दिवशी ५० जीबीच्या आसपासची दुरुस्ती डाउनलोड करावी लागली. मोबाइलच्या डेटावर घरचा संगणक चालवणाऱ्याने काय करावे, याचा विचार अशा कंपन्या करत नाहीत. २०० डॉलरच्या खास आवृत्तीबरोबर कॅनव्हासची पिशवी देऊ असे जाहीर करून नायलॉनची दिली गेली. लोक खवळले तेव्हा आधी भरपाई म्हणून देऊ केले ते खेळातले सुमारे पाच डॉलर किमतीचे चलन. ऑस्ट्रेलियात ग्राहक संरक्षण यंत्रणेने लक्ष घातल्यावर २०१९ मध्ये तिथल्या काही ग्राहकांना पैसे परत देण्याचे कबूल करावे लागले.

सुधारणा झाली, पण दीड वर्षाने. १४ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ‘वेस्टलँडर्स’ या मोठ्या अद्ययावत आवृत्तीने जिवंत पात्रे आणि त्यांच्याशी संवाद परत आणले. पुढे ‘स्टील डॉन’, पिट्सबर्ग आणि अटलांटिक सिटीच्या मोहिमा, २०२४ मध्ये नवा भूभाग अशी भर पडत गेली आणि मूळ खेळ घेतलेल्याला त्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट’ ही दूरचित्रमालिका आली, तेव्हा एका दिवसात १० लाखांवर लोक खेळल्याचे कंपनीने सांगितले. पडलेला खेळ इतक्या चिकाटीने उभा केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

या खेळाचा सर्वात मोठा गुण मात्र कंपनीने ठरवून घडवलेला नाही. ‘डेझी’, ‘रस्ट’ अशा तगून राहण्याच्या खेळांत अनोळखी माणूस दिसला की आधी गोळी झाडायची, असा रिवाज आहे. ‘७६’मध्ये अनुभवी खेळाडू व्हॉल्टच्या दारापाशी येऊन नवख्यांसाठी औषधे, काडतुसे, शुद्ध पाणी ठेवून जातात. याचे कारण नियमांत सापडते. समोरच्याने उलट हल्ला केल्याशिवाय त्याला फारशी इजा होत नाही. विनाकारण खून करणाऱ्याच्या डोक्यावर इनाम लागते. मेलेल्याकडून मिळते ते बहुधा भंगारच. त्यात सामान साठवण्याच्या पेटीला वजनाची मर्यादा आहे. सुरुवातीला ती अवघी ४०० होती आणि पुढे टप्प्याटप्प्याने १२०० झाली. पेटी भरली की जास्तीचे टाकून तरी द्यावे लागते किंवा कोणाला तरी द्यावे लागते. अडचणीच्या म्हणून बदनाम झालेल्या नियमाने उदारपणाला असा हातभार लावला.

त्याच मर्यादेवर कंपनीने दुकानही थाटले. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिना १२.९९ डॉलरची ‘फॉलआउट फर्स्ट’ वर्गणी आली. ती भरणाऱ्याला खासगी जग आणि भंगारासाठी अमर्याद पेटी मिळते. पैशाने फक्त सजावट विकत मिळेल, हे सुरुवातीचे आश्वासन त्याआधीच दुरुस्तीची किट विकायला काढून मोडले होते. वर्गणीशिवाय खेळता येते, पण पेटी भरल्याची टोचणी सतत जाणवावी अशीच रचना आहे. दररोजची छोटी उद्दिष्टे आणि हंगामी बक्षिसे खेळाडूला रोज हजेरी लावायला भाग पाडतात. विद्यार्थ्याच्या हाती खेळ देण्याआधी ही गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. अमेरिकेत त्याचे मानांकन १७ वर्षे व त्यावरील वयासाठी आहे.

तगून राहण्याची धार पुढच्या पातळ्यांवर बोथट होते. अन्नपाण्याचा प्रश्न काही दिवसांत सुटतो आणि उरते ती तीच ती शिकार, चांगल्या बंदुकीच्या आशेने. सर्वात खटकणारा भाग अण्वस्त्रांचा. नकाशावर तीन क्षेपणास्त्रतळ आहेत. संकेतांक जुळवून खेळाडू ठरावीक जागी अणुबॉम्ब टाकतो, तिथे राक्षसी राणी प्रकटते, सगळे मिळून तिला मारतात आणि आपापली लूट घेतात. थोड्या वेळाने जमीन पूर्ववत. अणुयुद्धाने उजाड झालेले जग सावरायला निघालेल्या माणसांनी बॉम्बची अशी जत्रा भरवावी, याचे समर्थन कथेत दिले आहे, पण ते लंगडे आहे. जग सामाईक असल्यामुळे कोणाच्याही कृतीचा कायमचा परिणाम होऊ शकत नाही, ही खरी मेख आहे.

खेळ मोबाइलवर नाही. त्याला बऱ्यापैकी संगणक, एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशन लागतो. प्लेस्टेशनवाल्याला संगणकावरच्या मित्राबरोबर खेळता येत नाही. इंटरनेटशिवाय तो सुरूच होत नाही. ऐन लढाईत लाइट गेली तर पात्राचे सामान शाबूत राहते, पण लढाई हातची जाते. दोन-तीन मित्र, भरवशाचे ब्रॉडबँड आणि आठवड्याचे मोजके तास हाताशी असतील, तर सवलतीच्या दरात घेण्याजोगा हा खेळ आहे; वर्गणी भरायची गरज नाही. एकट्याने बसून सलग गोष्ट अनुभवायची असेल, तर याच मालिकेतला २०१० चा ‘न्यू वेगास’ घ्यावा.