धनुष्याची मूठ

एकदां मैदानावर एका मुलाचे पहिले चार बाण नेमक्या जागीं लागले आणि पुढचे सारे खालीं-वर जाऊं लागले. लक्ष नाहीं म्हणून मी त्याला रागावलों. मागाहून धनुष्य हातीं घेऊन पाहतों, तों मुठीवरचें चामडें घामानें सैल होऊन अर्धा इंच खालीं सरकलेलें! दोष मुलाचा नव्हता.

इंग्रजी लांब धनुष्यास बाण टेकण्याकरितां निराळी खुंटी नसते. बाण धनुष्य धरणाऱ्या हातावरच टेकतो. म्हणून हात सरकला कीं बाणाची जागाही सरकते. रॉजर ॲस्कम या विद्वान् शिक्षकाचा धनुर्विद्येवरील 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ १५४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं 'मेरी रोज' ही इंग्रज युद्धनौका बुडाली. १९८२ सालीं ती वर काढण्यांत आली. तिच्यावरील दीडशेंहून अधिक धनुष्यें मिळालीं आहेत. त्यांवर मुठीचें चामडें नाहीं. सैनिकाचा हात उघड्या लाकडावरच बसे. पुढें धनुष्य खेळाचें साधन झालें. खेळांत प्रत्येक बाण एकाच ठिकाणीं लागावयास हवा, आणि त्यासाठीं हातही प्रत्येक वेळीं एकाच ठिकाणीं बसावयास हवा. ती जागा चामड्याची मूठ दाखविते.

आतां कृति पाहूं. मूठ सुमारें चार इंच लांब असावी व तिची वरची कड धनुष्याच्या मध्यापासून सुमारें सव्वा इंच वर यावी. त्या जागीं कागद गुंडाळून माप घ्यावें. झाडाच्या सालीनें कमावलेलें पातळ चामडें त्या मापानें कापावें. मात्र रुंदी किंचित् कमी ठेवावी, कारण ओलें चामडें ताणतें. रापीनें कडा तासून पातळ कराव्या आणि दोन्ही कडांना आरीनें समान अंतरावर सारखींच भोकें पाडावीं. लाकडास आधीं रोगण दिलेलें असावें, नाहींतर तें पाणी पिईल. नंतर चामडें कोमट पाण्यांत भिजवून गुंडाळावें आणि मेण चोळलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोंकांस सुया ओंवून, बुटाची नाडी बांधतात तशी शिवण आवळीत जावें. शिवण तळव्याखालीं येऊं देऊं नये, ती रुतते. ओल्या चामड्यास लोखंड लागून राहिल्यास काळे डाग पडतात, हेंही ध्यानांत असावें.

यानंतरचें काम धीराचें आहे. मूठ सावलींत एक-दोन दिवस वाळूं द्यावी. ऊन किंवा विस्तव दाखविल्यास चामडें कडक होऊन तडकतें. सावकाश वाळलें म्हणजे आकसून लाकडास घट्ट बसतें. शेवटीं थोडें मेण चोळावें, म्हणजे घाम सहजासहजीं मुरत नाहीं.

त्या मुलानें व मीं मिळून नवी मूठ शिवली. बाण पुन्हां जागेवर येऊं लागले. तेव्हांपासून कोणाचा नेम चुकला, तर मी आधीं मूठ पाहतों आणि मग मुलाकडे वळतों.