‘सर, हा मला चिडवतो!’

शाळेतली सर्वांत जुनी तक्रार बहुधा हीच असावी. आणि ‘तू लक्ष देऊ नकोस, बस खाली’ हे तिचे तितकेच जुने उत्तर. मुलांच्या खोड्यांत मोठ्यांनी पडू नये, अशी आपली समजूत. पण खोडी वेगळी आणि छळ वेगळा. खोडी आज याची निघते, उद्या त्याची. छळ रोज एकाच मुलाचा होतो, आणि करणारे त्याच्याहून थोराड असतात किंवा संख्येने जास्त.

सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचे आमचे वणी हे आजूबाजूच्या पाड्यांचे शाळेचे गाव. सकाळी स्टँडवर उभे राहिले की एसटीतून दप्तरे सावरत उतरणारी मुले दिसतात. त्यातली पुष्कळ कोकणा आणि महादेव कोळी समाजाची. घरची बोली वेगळी. वर्गात त्यातला एखादा शब्द तोंडून निसटला की मागच्या बाकावर नक्कल सुरू! आमच्या ओळखीच्या घरातला सातवीतला एक मुलगा गेल्या वर्षी महिनाभर ‘पोट दुखते’ म्हणून घरी बसला. आईने दवाखाने केले, देवीला नवस बोलून झाला. अखेर धाकट्या बहिणीने सांगितले : बसमध्ये चौघे जण त्याचा डबा उघडून नागलीची भाकरी सगळ्यांना दाखवत. मी वर्गशिक्षकांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, ‘अहो, माझ्या वर्गात तर सगळी पोरे शांत असतात.’ ते खरेच होते.

सरकारने काही केलेच नाही, असे नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. आपण तो कॉलेजपुरता समजतो. पण त्यातली व्याख्या शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेला, अगदी वसतिगृहाला आणि शिकवणीच्या वर्गालाही कवेत घेते. ‘चिडवणे’ आणि ‘धमकावणे’ हे शब्दही तिच्यात आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आता सातवीतल्या चार पोरांवर हे अस्त्र कोण उगारणार? उगारूही नये. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. मात्र कारवाई सेवानियमांनुसार. म्हणजे रोख गुरुजींच्या छडीवर, शेजारच्या बाकावर नव्हे. २०१७ मध्ये शाळाशाळांत तक्रारपेट्या लावण्याचा आदेश निघाला, २०२२ मध्ये ‘सखी सावित्री’ समित्या आल्या आणि २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर या साऱ्याची पुन्हा कडक आठवण करून देण्यात आली.

तक्रारपेटीची गंमत पाहा. मी पाहिलेली एक पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशीच आहे. मधल्या सुट्टीत तिथे चिठ्ठी टाकायची म्हणजे अख्ख्या शाळेदेखत टाकायची. ज्याला चौघांची भीती वाटते तो हे धाडस करील कसा?

नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी जीव दिला, आणि छळ हे त्यामागचे कारण असावे असे पुढे आले. सरकारने दुसऱ्याच वर्षी देशभर मोहीम काढली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने बर्गेनच्या शाळांत त्यावर काम केले. मुलांनाच नाव न लिहिता प्रश्नावली भरायला दिली, सुट्टीत मोठ्यांची नजर मैदानावर ठेवली आणि वर्गाचे नियम वर्गातच ठरवले. दोन वर्षांत तक्रारी निम्म्यावर आल्या. फिनलंडने २००९ पासून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम देशभर नेला. त्याचा भर बघ्यांवर आहे. छळणारा एकटा असला तरी हसणारे दहा असतात, आणि त्या दहांचे हसू थांबले की त्याची मजा ओसरते. मला ही गोष्ट फार पटते. आमच्या बसमध्येही भाकरी दाखवणारे चारच होते. हसणारी गाडी भरून होती.

नाव न घालता चिठ्ठी लिहून घ्यायला पैसा लागत नाही, समुपदेशकही लागत नाही. त्या शिक्षकांनी तेच केले. वर्गात कोरे कागद वाटले आणि ‘शाळेला येताना-जाताना काय आवडत नाही?’ एवढेच विचारले. अकरा कागदांवर बस होती. मग त्यांनी चौघांच्या पालकांना एकेक करून बोलावले, भर वर्गात कुणाला उभे केले नाही. दहावीतल्या पाड्यावरच्याच दोन थोरल्या मुलांना मागच्या सीटवर बसायला सांगितले. मुलगा दिवाळीनंतर शाळेत येऊ लागला. पोटदुखी गेली.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे : सोमवारची पोटदुखी, हरवणारी पेन्सिल, न खाल्लेला डबा यांवर रागावण्याआधी विचारपूस करावी. घरी बोलता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फुकट फोन चोवीस तास चालू असतो. आणि शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच ७५ टक्के पालक असतात. पेटी कुठे लावावी आणि बसमध्ये काय चालते, हे त्यांनी नाही विचारायचे तर कुणी? त्या शाळेच्या समितीतल्या माझ्या एका स्नेह्यांना मी हा विषय पुढच्या सभेत घ्यायला सांगितले आहे. घेतला आहे म्हणतात. पोषण आहार आणि छताची गळती यांच्यानंतर, क्रमांक सातवर.