सरकारी रोखे: हमी कशाची आणि धोका कुठे

‘सरकारी रोख्यात तोटा होऊच शकत नाही’ हा समज मुदत ठेवींवर भिस्त ठेवणाऱ्या घरांत पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे. सरकार दर सहा महिन्यांनी ठरलेले व्याज देते आणि मुदत संपल्यावर मुद्दल परत करते. हमी एवढ्याचीच असते. मध्येच रोखा विकायचा झाला तर भाव बाजार ठरवतो.

समजा, सात टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा तुम्ही शंभर रुपयांना घेतला आणि लगेच बाजारातला परतावा, म्हणजे यील्ड, आठ टक्क्यांवर गेला. आता आठ टक्के देणारा नवा रोखा मिळत असताना तुमच्या रोख्याला शंभर रुपये कोण देणार? त्याचा भाव त्र्याण्णवच्या आसपास येतो. मुदत एकच वर्ष उरली असती, तर तो नव्याण्णवपर्यंतच उतरला असता. म्हणून ‘यील्ड वाढला, आता चंगळ’ हे नव्याने खरेदी करणाऱ्याने म्हणावे. ज्याच्याकडे रोखे आधीपासून आहेत, त्या गिल्ट फंडाची, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाची, एनएव्ही (युनिटचा भाव) त्या दिवशी खालीच आलेली दिसेल.

‘रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला की यील्डही उतरतो’ हा दुसरा समज. रेपो हा बँकांना मिळणाऱ्या अल्प मुदतीच्या उधारीचा दर. दहा वर्षांसाठी पैसे देणारा माणूस पुढची महागाई, सरकारची तूट, अमेरिकेतले व्याजदर, सगळेच जोखतो. ६ जून २०२५ रोजी रेपो थेट अर्ध्या टक्क्याने घटून ५.५ टक्के झाला. पण त्याच दिवशी बँकेने आपला पवित्रा ‘उदार’वरून ‘तटस्थ’ केला, म्हणजे पुढे फार कपात नाही असे सुचवले. पुढे स्वातंत्र्यदिनी जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि सरकारला जास्त कर्ज काढावे लागेल, ही धास्ती बाजाराला बसली. सव्वासहाच्या आसपास असलेला दहा वर्षांचा यील्ड ऑगस्टअखेर साडेसहाच्या वर होता. कपात होऊनही! उलट, मोठे गिऱ्हाईक आले की भाव चढतो आणि यील्ड उतरतो. जून २०२४ पासून जे. पी. मॉर्गनच्या उदयोन्मुख देशांच्या रोखे निर्देशांकात भारतीय रोखे आले, तेव्हा परदेशी मागणीचा असाच आधार मिळाला.

पीपीएफचा दर यील्डबरोबर हलतो, असेही काहींना वाटते. सूत्र तसे आहे, पण अंतिम निर्णय सरकारचा. २०२० मध्ये यील्ड सहाच्या आसपास होता, जून २०२२ मध्ये साडेसातच्या वर गेला. पीपीएफ मात्र ७.१ टक्क्यांवर ठाण मांडून बसला. सूत्राचा मान कागदावरच राहिला म्हणायचा.

आणि हे फक्त बँका-विमा कंपन्यांचे काम नाही. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ पोर्टलवर कोणीही दहा हजारांपासून रोखे घेऊ शकतो. मुदतीपर्यंत थांबणार असाल तर मधल्या चढउतारांकडे खुशाल दुर्लक्ष करा. गिल्ट फंड घेताना मात्र मागच्या वर्षीचा परतावा पाहून भुलू नका. त्यातल्या रोख्यांची सरासरी मुदत आधी तपासा, आणि वर्षभरात लागणारे पैसे तिथे ठेवू नका.